सांगली ते लंडन दुचाकीने: पहिल्या दीर्घ परदेशदौऱ्याची आखणी कोठून सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याचे वय ३१ असून ते सांगलीत राहतात. तीन वर्षांपासून त्यांच्याकडे ४५० सीसीची दुचाकी आहे आणि गटाबरोबर लडाखचा एक दौरा झालेला आहे. पुढच्या वर्षी दोन महिन्यांची रजा घेऊन एकट्याने सांगलीहून लंडनपर्यंत रस्त्याने जाण्याचा त्यांचा विचार आहे. सध्याची दुचाकी चालेल का, खर्च किती येईल आणि तयारी कोठून सुरू करावी, असे त्यांनी विचारले आहे.

तुमची दुचाकी चालेल, हे उत्तर एका ओळीत देऊन मी तो विषय शेवटासाठी ठेवतो. असा दौरा यंत्राच्या बिघाडापेक्षा बंद सीमा, संपलेला व्हिसा आणि अपुरी रजा यांमुळे अधिक वेळा अडतो. नवखा माणूस मात्र पहिले सहा महिने पॅनियर, म्हणजे दुचाकीच्या बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या, कोणते घ्यावे आणि धुक्यातले दिवे कोणते बसवावे यात घालवतो. मीही तेच केले होते. म्हणून आखणी नकाशा आणि दिनदर्शिका समोर ठेवून सुरू करावी, नंतर कागदपत्रांकडे वळावे आणि पैशांचा हिशेब त्यानंतर मांडावा.

नकाशावर सांगलीहून लंडनकडे जाणारी सरळ रेषा पाकिस्तान आणि इराणमधून जाते. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघालेले पारशी तरुण पंजाब आणि बलुचिस्तानमार्गे इराणात उतरले होते. शंभर वर्षांपूर्वी पायडल मारत जाता येत असे तो रस्ता आज आपल्यासाठी बंद आहे. अटारीची तपासणी चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली आणि त्याआधीही भारतीय माणसाला स्वतःचे वाहन घेऊन पाकिस्तान ओलांडण्याची परवानगी मिळणे जवळजवळ अशक्यच होते. पूर्वेला मणिपुरातील मोरे येथून म्यानमारमध्ये शिरून थायलंड गाठण्याचा मार्ग फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर नियोजनात धरण्याजोगा राहिलेला नाही. त्यामुळे रस्त्यानेच जायचे असेल तर नेपाळ, चीनच्या ताब्यातील तिबेट आणि शिनच्यांग हे प्रांत आणि किर्गिझस्तान हा उत्तरेचा मार्ग उरतो. दुसरा पर्याय म्हणजे दुचाकी जहाजाने पुढे पाठवून तेथून प्रवास सुरू करणे.

उत्तरेच्या मार्गातील मोठी अडचण चीनची आहे. परदेशी वाहन घेऊन चीनमध्ये एकट्याने मोकळे फिरता येत नाही. मान्यताप्राप्त प्रवास संस्थेमार्फत आधी परवाने काढावे लागतात, चीनचा तात्पुरता वाहन परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट घ्यावी लागते आणि मार्गदर्शक संपूर्ण मार्गभर बरोबर असतो. त्याचा आणि त्याच्या गाडीचा खर्च एकट्याने उचलला तर संपूर्ण दौऱ्यातील सर्वांत मोठी रक्कम तीच ठरते. सहा-सात जणांत वाटला तर तो झेपतो. एकट्याने जाण्याचा तुमचा आग्रह मी समजू शकतो, पण चीनच्या हद्दीत तरी तुम्हाला गटात सामील व्हावेच लागेल आणि गटाची तारीख हीच मग तुमची तारीख होईल. शिवाय डोंगरातील सीमा अचानक बंद होतात. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुरात रसुवागढी येथील नेपाळ-चीन सीमेवरचा पूलच वाहून गेला, आणि त्या हंगामात तो मार्ग धरून आखलेले सगळे वेळापत्रक कोलमडले असणार, हे उघड आहे.

चीन पार झाला म्हणजे संपले असेही नाही. मध्य आशियातून युरोपकडे जाताना कॅस्पियन समुद्र आडवा येतो. पूर्वी अनेक जण कझाकस्तानातून बोटीने अझरबैजानला उतरत, पण त्या देशाने २०२० मध्ये प्रवाशांसाठी बंद केलेल्या जमिनीवरील आणि समुद्रमार्गाच्या सीमा त्यानंतर वारंवार मुदतवाढ देत बंदच ठेवल्या आहेत. म्हणजे एकतर समुद्राला उत्तरेकडून वळसा घालून रशियातून जॉर्जियात उतरायचे, नाहीतर दक्षिणेकडून तुर्कमेनिस्तान आणि इराणमार्गे तुर्कस्तान गाठायचे. रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांत दिलेली ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांची बँक कार्डे चालत नाहीत, त्यामुळे तेवढ्या दिवसांची रोकड जवळ लागते. इराणचा निर्णय निघण्याच्या महिन्यातील परिस्थिती पाहूनच घ्यावा. माझा सल्ला असा की प्रत्येक संशयास्पद सीमेसाठी दुसरा मार्ग कागदावर लिहून ठेवावा आणि त्याला लागणारा व्हिसा शक्य असेल तर आधीच काढून ठेवावा.

आता दिवसांचा हिशेब करू. हे अंतर वळसे धरून साधारण १५ ते १६ हजार किलोमीटर भरते. डोंगर, वाळवंट आणि महामार्ग यांची सरासरी काढली तर दिवसाला २५० किलोमीटर हा टिकणारा वेग आहे. एखाद्या दिवशी ५०० होतात, पण त्याची किंमत पुढचे दोन दिवस चुकवावी लागते. १६ हजार भागिले २५० म्हणजे ६४ दिवस झाले. सहा दिवसांनंतर एक विश्रांती धरली की १० दिवस वाढतात. सीमा ओलांडण्याच्या दिवशी अंतर काटले जात नाही असे समजून १२ दिवस ठेवावेत, आणि आजारपण, दुरुस्ती किंवा दरड यांसाठी आठवडाभर. ही बेरीज ९३ दिवसांची होते आणि तुमच्याकडे ६० आहेत. हे ६० दिवसांत कोणी करीत नाही असे नाही, पण नवख्या माणसाने ते करू नये, कारण थकलेला माणूस दुपारी चारनंतर चुका करतो आणि परक्या देशातील चूक दुरुस्त करायला आपले कोणीच जवळ नसते.

हंगामाचे गणितही यातच बसवावे लागते. तिबेट साधारणपणे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंत परदेशी प्रवाशांना बंद असते. जूनमध्ये नेपाळात पाऊस सुरू झाला की दरडी कोसळू लागतात. ताजिकिस्तानातील पामीर पर्वताच्या खिंडी जून ते सप्टेंबर या काळात निर्धास्त असतात, तर उझबेकिस्तानच्या वाळवंटात जुलैमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. हे सगळे जुळवले तर एप्रिलअखेरीस घर सोडून मेच्या मध्यापर्यंत नेपाळ ओलांडणे हाच सोयीचा मुहूर्त ठरतो. व्हिसाही याच मुहूर्ताला बांधलेले असतात. युरोपातील बहुतेक देशांसाठी मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो, तो सहसा राहत्या देशातूनच करावा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो. प्रत्येक दूतावास पासपोर्ट काही आठवडे ठेवून घेतो आणि पासपोर्ट तर एकच असतो, म्हणून कोणता अर्ज कोणत्या आठवड्यात करायचा याची रांग जानेवारीपूर्वीच ठरलेली असावी.

कागदपत्रांत सर्वांत कमी समजला जाणारा आणि चुकला तर सर्वांत महाग पडणारा कागद म्हणजे कार्ने. याला वाहनाचा पासपोर्ट म्हणण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते तो पासपोर्टपेक्षा जामीनपत्राच्या अधिक जवळचा आहे. तुम्ही दुचाकी घेऊन एखाद्या देशात शिरता तेव्हा तेथील कस्टम्सला भीती असते की तुम्ही ती तेथेच विकाल आणि आयातशुल्क बुडेल. कार्ने देणारी संस्था हमी देते की तसे झाल्यास शुल्क आम्ही भरू, आणि त्या हमीपोटी ती तुमच्याकडून बँक हमी किंवा अनामत घेते. ही रक्कम दुचाकीच्या किमतीवर आणि मार्गातील देशांच्या शुल्कदरांवर ठरते. ती खर्च होत नसली तरी दौरा संपून कार्ने परत जमा होईपर्यंत अडकून राहते, हे आपल्या ताळेबंदात लिहून ठेवावे. महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांसाठी यातले नेहमीचे ठिकाण म्हणजे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन, जी १९१९ पासूनची संस्था आहे. इराणसाठी कार्ने लागतो. मध्य आशियातील देशांत आणि युरोपात तो लागत नाही, तेथे सीमेवर तात्पुरत्या आयातीची नोंद होते.

कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग शिक्का मारून फाडून घेतला जातो, बाहेर पडताना दुसरा, आणि पानाचा उरलेला तुकडा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. तो तुकडा हाच दुचाकी त्या देशातून बाहेर गेल्याचा तुमच्याकडचा पुरावा असतो. माझ्या पहिल्या मोठ्या दौऱ्यात एका सीमेवर रात्री साडेनऊला पावसात उभा असताना अधिकाऱ्याने बाहेर पडण्याचा शिक्का मारायच्या रकान्यात नुसती सही केली आणि मी घाईत पान न उलगडता पुढे गेलो. त्या एका शिक्क्यासाठी परत आल्यावर माझी अनामत आठ महिने अडकली होती. अखेरीस दुचाकी भारतात असल्याचा दाखला येथील कस्टम्सकडून घेऊन प्रकरण मिटले. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीसमोर पान उघडून शिक्का, तारीख आणि सीमेचे नाव मोठ्याने वाचतो, मागे कितीही रांग असली तरी. कार्नेची मुदत एक वर्षाची असते आणि त्यात परतीचा जहाजप्रवासही मोजला जातो. भारतातून निघतानाही भारतीय कस्टम्सकडे वाहनाची नोंद करून घ्यावी, कारण परत आणताना ती आपलीच जुनी दुचाकी आहे हे सिद्ध करण्याची वेळ येते. दुचाकीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र लागेल, आणि आरसी बुक वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घेणे सोपे पडते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून १००० रुपये शुल्क भरून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. तो भारताने मान्य केलेल्या १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो, म्हणून फक्त १९६८ चा व्हिएन्ना करार मानणाऱ्या व्हिएतनामसारख्या देशात त्याचा उपयोग होत नाही. तेथे भाड्याने दुचाकी देणारा काहीही विचारत नाही, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमके तेच विचारते. प्रवास विमा घेताना दुचाकी चालवताना झालेला अपघात त्यात येतो का, इंजिनाच्या क्षमतेची मर्यादा आहे का आणि दुर्गम भागातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च मिळतो का, ही तीन उत्तरे लेखी मागावीत. युरोपात तृतीय पक्षाच्या विम्याचे ग्रीन कार्ड लागते. मागच्या बाजूला आयएनडी ही देशाची खूण लावावी आणि नंबरप्लेटवर रोमन अक्षरे असावीत. मराठी अंकांची हौस या दौऱ्यापुरती घरी ठेवावी.

एवढे सगळे वाचून तुम्ही खचू नये म्हणून मी जे स्वतः करीन ते सांगतो. तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या वर्षी लंडनला निघालो नसतो. तुमच्या साठ दिवसांच्या रजेचे मी दोन भाग केले असते.

पहिला भाग नेपाळचा, स्वतःच्या दुचाकीवर, पंधरा ते अठरा दिवसांचा. सुनौली किंवा रक्सौल येथून आत शिरताना भन्सार नावाचा दैनंदिन कस्टम्स परवाना काढावा लागतो. त्यात प्रवेशाचा दिवसही मोजला जातो आणि वर्षभरात ३० दिवसांची मर्यादा आहे. कार्ने लागत नाही, भारतीय परवाना चालतो, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, आणि तुमच्या वाहनविम्याला भौगोलिक विस्तार जोडून घेता येतो. म्हणजे सीमेवरच्या खिडक्यांची सवय होते, पण चूक झाली तरी ती परवडते. पोखऱ्याहून बेनीमार्गे जोमसोम आणि मुक्तिनाथ हा रस्ता मुद्दाम घ्यावा. आपल्या देवघरातले शाळिग्राम ज्या नदीतून येतात त्या काली गंडकीच्या पात्राकडेने हा रस्ता चढतो आणि मुक्तिनाथला ३७०० मीटरच्या वर नेतो. सकाळी अकरानंतर त्या दरीत असा वारा सुटतो की पॅनियर लावलेली दुचाकी आडवी ढकलली जाते, म्हणून जोमसोम सकाळीच गाठावे. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना आधी काढून ठेवावा. सलग बारा दिवस चालवल्यावर आपली पाठ, झोप आणि चिडचिड कशी असते, ते या दौऱ्यात कळेल. लडाखला गटात जाताना मुक्काम, डिझेल-पेट्रोल आणि मेकॅनिक यांची काळजी दुसऱ्याने घेतलेली असते, त्यामुळे तो अनुभव येथे फारसा मोजता येत नाही.

दुसरा भाग किर्गिझस्तानचा, भाड्याच्या दुचाकीवर, तीन आठवड्यांचा, जुलै किंवा ऑगस्टमध्ये. बिश्केक आणि ओश या दोन्ही शहरांत दुचाकी भाड्याने मिळते आणि भारतीयांना ई-व्हिसाची सोय आहे. ३०१६ मीटरवरचा सोन-कुल तलाव, नारिन, ताश-रबातची जुनी दगडी सराई आणि तेथून ओश अशी वाट धरली तर कच्चे रस्ते, उंची, भाषेची अडचण आणि पेट्रोलची दूरदृष्टी हे सगळे शिकून होते. दुचाकी ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढावा आणि मूळ पासपोर्ट तारण म्हणून कोणाकडेही ठेवू नये. रोख अनामत द्यावी. या शहरांत वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले भारतीय विद्यार्थी बरेच आहेत, त्यामुळे वरणभाताची सोय अगदीच अशक्य नसते.

या भागाचा खरा फायदा म्हणजे उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीची सवय. चीनपासून फ्रान्सपर्यंतचा तुमचा संपूर्ण मार्ग उजवीकडचा आहे. गर्दीत चूक होत नाही, कारण पुढची गाडी आपल्याला ओढून नेते. चूक होते ती सकाळी सामसूम रस्त्यावर हॉटेलबाहेर पडताना, पेट्रोल भरून निघताना आणि फोटोसाठी थांबून पुन्हा सुरू करताना. टाकीवर उजवीकडे वळणारा बाण रंगीत चिकटपट्टीने लावण्याची साधी युक्ती मी आजही वापरतो. पहिल्या आठवड्यात ओव्हरटेक करताना ट्रकच्या मागून डोकवायची आपली बाजूही बदललेली असते, हे विसरू नये.

आता राहिला दुचाकीचा प्रश्न. पामीरमधील मुर्गाब ते खोरोग हे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर आहे आणि मधल्या पेट्रोलचा भरवसा नसतो, म्हणून टाकी आणि पाच लिटरचा कॅन मिळून ४०० किलोमीटरची पोच असावी. मागचा टायर भरलेल्या दुचाकीवर दहा हजार किलोमीटरच्या आसपास संपतो, म्हणजे वाटेत एक टायर बदलणे ठरलेलेच आहे. तो कोणत्या शहरात मिळेल हे आधी शोधावे. क्लच केबल, ब्रेक पॅड, चेनची जोडकडी, ट्यूब, फ्यूज, ऑइल फिल्टर आणि लिव्हर एवढे सुटे भाग पुरतात. निघण्यापूर्वी घरच्या अंगणात मागचे चाक कोणाच्याही मदतीशिवाय काढून पंक्चर काढता आले पाहिजे. मला पहिल्यांदा त्याला पावणेदोन तास लागले होते. बाकीची सजावट ऐच्छिक आहे आणि प्रत्येक वस्तू उतरवून ठेवली की चिखलात पडलेली दुचाकी एकट्याने उचलणे सोपे होते.

खर्चाचा एकच आकडा सांगणे प्रामाणिक होणार नाही. मी नेपाळ आणि मध्य आशियासाठी दिवसाला ५० ते ६० डॉलर धरतो, युरोपसाठी त्याच्या दुप्पट, आणि त्यावर एकूण रकमेच्या पाव हिस्सा राखीव. चीनमधील मार्गदर्शकाचा वाटा, व्हिसा, विमा आणि परतीची वाहतूक हे या दैनंदिन खर्चाबाहेरचे असतात. मध्य आशियात डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत लागतात. घडी पडलेली किंवा शिक्का उमटलेली नोट परत केली जाते.

परतीची वाहतूक हा भाग नवखे लोक लंडनला पोहोचल्यावर विचारात घेतात, तेव्हा पैसेही संपलेले असतात आणि रजाही. दुचाकी लाकडी पेटीत बांधून जहाजाने न्हावा शेवा बंदरात आणणे हा स्वस्त मार्ग आहे. भाडे पेटीच्या घनफळावर ठरते, म्हणून पुढचे चाक, आरसे आणि काच काढून पेटी लहान करावी. टाकी रिकामी आणि बॅटरी सुटी लागते, आणि लाकडावर उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम १५ हा शिक्का नसेल तर पेटी बंदरात अडते. दर विचारताना केवळ जहाजभाड्याचा आकडा घेऊन समाधान मानू नये, कारण उतरल्यानंतरचे बंदर, गोदाम आणि एजंट यांचे शुल्क कित्येकदा भाड्यापेक्षा जास्त निघते. ते लेखी मागावे. सगळे मिळून दोन महिने धरावेत. पेटी आली की मूळ कार्ने आणि पासपोर्ट घेऊन स्वतः कस्टम्समध्ये जावे, पुनर्आयातीचा शिक्का घ्यावा आणि त्याच आठवड्यात कार्ने संस्थेकडे जमा करून अनामत परतीचा अर्ज द्यावा.